फोल्डरातली हळद आणि मंगेशभावजींची वायर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, म्हसळ्याच्या माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला मी दाढेच्या किडीपासून सगळं सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही दिवेआगरचे नाही आणि मंगेशभावजींना ओळखत नाही. म्हणजे बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

पण आधी थोडं हसून घ्या, कारण गोष्ट तशी हसण्यासारखीच आहे. माझ्या नणंदेच्या हळदीत मी नाचले होते. तो नाच शेजारच्या बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या कॉम्प्युटरवर जवळजवळ वर्षभर पडून होता. कुणी पाहिला नाही, कारण तो तिथे आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. पण दर थोड्या दिवसांनी तो नव्याने तिथे जायचा. पिवळी साडी, बेंजो, घामाने पसरलेलं कुंकू आणि कंबर दुखत असूनही न थांबणारी मी — सगळी वरात मंगेशभावजींच्या वायरीतून जायची. आणि त्यापायी त्यांचं — थांबा. असं शेपटाकडून सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी दिवेआगरची सून. आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, त्या नवरा आणि सासूबाई बघतात. मी कॉम्प्युटरचं काम करते. नोकरी नवी मुंबईतल्या एका लहानशा कंपनीत, पण बसायचं इथे, आमच्या ओटीवर. लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की मी नोकरी सोडणार. सोडावी लागली नाही, ती मंगेशभावजींमुळे. ते माझ्या नवऱ्याचे वर्गमित्र आणि गावातले केबलवाले. वादळात अर्ध्या वाड्या झोपल्या, खांब आडवे झाले. तेव्हा जी सुपारीची झाडं उभी राहिली होती त्यांच्या आधाराने, या वाडीतून त्या वाडीत, त्यांनी वायर ओढली आणि आमच्या ओटीपर्यंत नेट आणलं. त्या दिवशी मी त्यांना सोलकढी दिली होती आणि तुमचे उपकार विसरणार नाही असं म्हणाले होते. विसरले नाहीच. विसरले असते तर एक वेळ बरं झालं असतं.

भावजींना त्यांच्या वायरीचा फार अभिमान. कुणाचंही नेट गेलं आणि त्यांना फोन केला, की पहिलं वाक्य ठरलेलं — "माझ्या वायरीत खोट न्हाय. आधी तुमचा डबा बघा." डबा म्हणजे घरातलं ते लुकलुकणारं यंत्र. लोकांना राग यायचा, पण बहुतेक वेळा खरोखरच डब्याचा प्लग निघालेला असायचा. कुणीतरी मिक्सर लावलेला असायचा, नाहीतर मोबाइल. मग भावजी यायचे, प्लग लावायचे, चहा घ्यायचे आणि जाता जाता पुन्हा एकदा म्हणायचे, बघा, वायरीत खोट न्हाय. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तर कानातून जात नाही.

तर, सोसायटी. मासळीचा लिलाव, होड्यांचा बर्फ, डिझेल या सगळ्याची नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम आमच्या कंपनीने त्यांना करून दिला, आणि तो लिहिला मी. असा प्रोग्रॅम पाठवायची हल्लीची पद्धत म्हणजे तो आणि त्याला चालायला जे जे लागतं ते सगळं एका बंद पेटीत भरायचं. आमच्यात तिला कंटेनर इमेज म्हणतात, आपण पेटीच म्हणू. पेटी मी माझ्या लॅपटॉपवर बांधायची, कंपनीच्या सर्व्हरवर चढवायची, आणि तिकडे सोसायटीच्या कॉम्प्युटरने ती उतरवून घ्यायची. तिथे कुणाला काही जुळवाजुळव करावी लागत नाही. एक बटण दाबायचं.

ते बटण कल्पनाताई दाबायच्या. सोसायटीचं ऑफिस त्यांच्याच ताब्यात. अख्खं बंदर त्यांना टरकून असतं, मीही. बटण दाबलं की पेटी पूर्ण उतरेपर्यंत त्या टेबलावर कागद पसरून जवळा निवडत बसायच्या. जवळा म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी. त्यात काड्या असतात, शिंपल्यांचे तुकडे असतात, चुकून अडकलेले इवलेसे खेकडे असतात. ते सगळं वेचून बाजूला काढायचं आणि मग डब्यात भरायचं. न निवडता भरला तर कालवणात दाताखाली कचकच येते, आणि खाणारा निवडणारीला नावं ठेवतो. हे काम त्या न बघता करायच्या.

आणि मी? मी काय भरत होते?

पेटी बांधताना कॉम्प्युटरला सांगावं लागतं, काय काय आत घे. मी एक टिंब दिलं होतं. टिंबाचा अर्थ — हा फोल्डर, आणि यात जे जे असेल ते. पहिल्या दिवशी फोल्डरमध्ये फक्त प्रोग्रॅम होता, टिंब पुरेसं होतं. पुढे त्या फोल्डरमध्ये माझा संसार मांडला गेला. समोर उघडा असायचा ना, म्हणून हातात येईल ते तिथेच ठेवायची. प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती — एक "शेवटची", एक "खरंच शेवटची", एक "ही घ्या". वाडीची ड्रोनने काढलेली चित्रफीत, पाहुण्यांना दाखवायची म्हणून. सासूबाईंचे एक्स-रे. आणि नणंदेची हळद, दोन मोबाइलवर काढलेली, म्हणजे माझा नाच दोन बाजूंनी. माझी नणंद मांडव्याला दिलीये. ती माहेराहून परत निघाली की सासूबाई तिची पिशवी अशीच भरतात, समोर दिसेल ते आत. एकदा तिच्याबरोबर आमच्या टीव्हीचा रिमोट मांडव्याला गेला. मी त्यावर सासूबाईंना किती हसले होते.

आणखी एक. ही पेटी थराथराने बनते. ज्या थरात काही बदललं नाही तो पुन्हा पाठवावा लागत नाही, म्हणून शहाणी माणसं थर वेगवेगळे ठेवतात. माझा प्रोग्रॅम आणि माझी हळद एकाच थरात. लिलावाच्या पावतीवरचा एक काना दुरुस्त केला, की हळद पुन्हा निघाली.

बांधायला सुरुवात झाली की पडद्यावर अगदी वरच्या ओळीत आकडा पळतो — फोल्डरातून किती माल उचलला जातोय त्याचा. लपवलेला नसतो, डोळ्यांसमोर असतो. मी तो कधी पाहिलाच नाही, कारण बांधायला लावलं की मी उठून चहा टाकायची.

तिकडे बंदरावर नवी पेटी उतरवायची म्हणजे सकाळ जायची. तोवर कॉम्प्युटर अडकलेला. लिलाव थांबत नाही, मासळी कशी थांबेल? मग पावत्या हाताने, गर्दी, गोंधळ, पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांची बोलणी. कल्पनाताईंचा फोन यायचा. "काय गो, तुझा प्रोग्राम होडीनं येतोय का चालत? माझा जवला निवडून झाला." मी म्हणायची, नेट स्लो आहे ताई.

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते खोटं नव्हतं. मला तसंच वाटत होतं. तपासलं होतं का? नाही. पण ते वाक्य किती सोयीचं होतं. समोरचा लगेच मान डोलावतो, कारण नेट तर सगळ्यांचंच स्लो असतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हटलं. मग ते माझ्या तोंडात बसलं, आणि माझ्या तोंडातून बंदरभर झालं. सोसायटीला नेट कुणाचं? मंगेशभावजींचं.

त्या माणसाने काय केलं नाही? सगळे जोड बदलले. बंदरापासून गावापर्यंत वायरीखालून चालत गेले, वर बघत, ठेचा खात. जिथे माडाची झावळी घासत होती तिथून वायर हलवली. शेवटी अख्खा नवा रीळ आणून पुन्हा ओढली. आणि दर वेळी ऑफिसात येऊन कल्पनाताईंना सांगायचे, वायरीत खोट न्हाय. आता मात्र लोक हसायला लागले होते. हा गडी म्हणजे, नेट चालो न चालो, ह्याच्या वायरीत खोट न्हाय — असं.

मग सोसायटीने मीटिंग लावली. मंगेशचं नेट ठेवायचं की बाहेरच्या मोठ्या कंपनीचं घ्यायचं, एवढाच विषय. मलाही बोलावलं होतं.

मीटिंगच्या आदल्या दिवशी आमचा गॅस संपला.

हसू नका. खरंच तसंच झालं. मी पेटी बांधायला लावली, चहा टाकायला उठले, शेगडी फुस्स. नवरा सिलेंडर आणायला गेला आणि मी परत येऊन लॅपटॉपसमोर बसले. करणार काय? पडद्यावर आकडा पळत होता. पळतच होता. मला वाटलं आता थांबेल, तर तो आणखी वाढला. इवलासा प्रोग्रॅम माझा, त्याला एवढा माल कसला? फोल्डर उघडला, सगळ्यात मोठी फाईल कुठली ते पाहिलं, आणि समोर माझी हळद आली. पिवळी साडी, हात वर, जीभ दाताखाली.

मी हसले. ओटीवर एकटी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई बाहेर आल्या, काय झालं गं? म्हटलं काही नाही.

दुरुस्ती काय होती? काहीच नाही हो. फोल्डरमध्ये एक लहानशी फाईल ठेवायची, तिच्यात लिहायचं, पेटीत काय काय घेऊ नकोस. हे सोड, ते सोड, व्हिडिओ सगळे सोड. थोड्याशा ओळी. आमच्या कामातली अगदी पहिली शिकवण, नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतात. आणि जे उरेल ते वेगळ्या थरांत लावायचं. मी ते लिहिलं, पुन्हा बांधलं. चहा टाकायला उठायला वेळच मिळाला नसता, इतक्या लवकर झालं. पेटी एवढीशी. छान वाटलं. घर झाडून काढल्यावर वाटतं तसं.

आता फक्त पाठवायची होती. बोट बटणावर होतं.

आणि मला दुसऱ्या दिवशीची मीटिंग आठवली. ही पेटी आत्ता पाठवली तर उद्या सकाळी कल्पनाताईंच्या हातातली जवळ्याची पहिली मूठ निवडून व्हायच्या आत उतरणार. मंगेशभावजींच्या त्याच वायरीतून. मग सगळे विचारणार, हे कसं झालं? काल तर होत नव्हतं. काय बदललं? वायर तीच, कॉम्प्युटर तोच, बटण दाबणारं बोट तेच. बदललेली असणार फक्त मी.

मी बोट काढून घेतलं.

ही माझी कबुली आहे. आळशीपणा नव्हे, तो झाला, कुणाचाही होतो. बेफिकिरी नव्हे. सगळं कळल्यावर, हातात उपाय तयार असताना, मी तो दाबून ठेवला. नवं नेट येईपर्यंत. म्हणजे माझं खोटं आपोआप खरं होईल.

मीटिंगला मला कुणी नेलं असेल? नवऱ्याला पाहुणे आले होते. मंगेशभावजींनी नेलं, त्यांच्या मोटरसायकलवर. वाटेत म्हणाले, वयनी, तुमी सांगाल ते लोक ऐकतील. त्यांना वाटत होतं मी त्यांच्या बाजूने बोलणार. मागे बसून मी पदर सावरत होते आणि समुद्राकडे बघत होते. काय सुंदर दिवस होता तो. असल्या दिवशी पाऊस तरी पडायला हवा होता.

चेअरमन म्हणाले, "तुमी शिकलेली मानसं. तुमीच सांगा, खोट कशात हाय — नेटात का प्रोग्रामात?"

मी म्हणाले, प्रोग्रॅममध्ये दोष नाही.

बघा किती हुशार. एक अक्षर खोटं नाही. दोष प्रोग्रॅममध्ये नव्हताच, तो फोल्डरमध्ये होता, आणि फोल्डरचं मला कुणी विचारलं नव्हतं. वाक्य सुटल्याबरोबर सगळ्यांनी भावजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. मग त्यांनी स्वतःच्या चपलांकडे पाहिलं, आणि विषय संपला.

परत आणूनही त्यांनीच सोडलं. अर्ध्या वाटेत एकदाच बोलले, मागे न वळता. "वयनी, खरंच माझंच व्हतं का?"

वारा होता, ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, नेटचं काही सांगता येत नाही हो भावजी.

नव्या कंपनीची माणसं आली, त्यांची तार आली, डबा आला. त्याच सकाळी मी माझी आटोपशीर पेटी पाठवली. कल्पनाताईंनी बटण दाबलं आणि जवळ्याची पिशवी सोडेपर्यंत काम झालं. त्यांचा फोन आला, इतक्या खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सोसायटीने पेढे वाटले. माझ्या घरीही पाठवले, मी बरोबर सांगितलं म्हणून. मी खाल्ले. या प्रकरणात मी पुष्कळ खाल्लं, पुढे येतंच.

सोसायटीने भावजींचं नेट काढलं म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या घरगुती लॉजवाल्यांनीही काढलं. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. एकेक जण नवीन तार घेत गेला. भावजींनी मिनिडोर रिक्षा घेतली. आता श्रीवर्धनच्या वाटेवर दिवसभर ती चालवतात, गाणी लावतात, पोरांना फुकट नेतात. गावातली आमच्यासारखी थोडी घरं राहिलीत त्यांच्याकडे, तेवढं नेट अजून सांभाळतात. मजेत असतात. नाही — मजेत दिसतात, असं म्हणावं. मला काय माहीत? मी विचारलंय का कधी?

आणि जिताडा. जिताडा म्हणजे आमच्या रायगडातला मानाचा मासा. खाडीत मिळतो, हवा तेव्हा मिळत नाही, आणि मिळाला तर ज्याचा मान ठेवायचा त्याच्या घरी जातो. जावयाच्या, व्याह्यांच्या. नवं नेट लागल्यावर थोड्याच दिवसांनी भावजी आमच्या ओटीवर आले, केळीच्या पानात गुंडाळलेला चांगला हातभर जिताडा घेऊन. म्हणाले, माझ्या वायरीपायी तुमच्या कामाचा वर्षभर खोळंबा झाला, तुमाला लोकांची बोलणी खावी लागली. राग धरू नका.

ते माझी माफी मागत होते.

त्या क्षणी तोंड उघडायला काय लागलं असतं? एक वाक्य. मी म्हटलं, अहो कशाला भावजी. आणि दोन्ही हातांनी मासा घेतला. आमसूल घालून रस्सा केला. नवरा म्हणाला, मंग्या मनाचा मोठा. डोक्याचा भाग सासूबाईंनी माझ्या ताटात वाढला, कारण मान माझा होता. फार चवदार होता, हेही सांगायला हवं. मला घास गिळता आला नाही वगैरे काही झालं नाही. मी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

आता कंपनीत नवी मुलं आली की पेटी कशी हलकी ठेवावी हे मीच शिकवते. टिंब देऊ नका, काय हवं ते नाव घेऊन सांगा, नको ते आधी वेचून काढा, वरचा आकडा बघा, चहाला उठू नका. मुलं हसतात. मग मी त्यांना हळदीच्या व्हिडिओची गोष्ट सांगते, आणि ती फार रंगते. फक्त ती माझ्या ओळखीच्या एका मुलीची म्हणून सांगते. आणि त्या गोष्टीत वायर नसते.

गेल्या रविवारी आमचं नेट गेलं. मी भावजींना फोन केला. पूर्वीचं वाक्य तुमच्या लक्षात आहे ना? आता ते तसं म्हणत नाहीत. त्या मीटिंगनंतर एकदाही म्हणाले नाहीत. आता फोन उचलला की, अजून काही बघायच्या आधीच, म्हणतात — "माझंच काय तरी चुकलं असल, वयनी. आलो."

रिक्षा वाडीबाहेर लावून आले. तोवर मला कळलं होतं, सासूबाईंनी खोबरं वाटायला मिक्सर लावला होता आणि डब्याचा प्लग काढून ठेवला होता. मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, तरीबी एकदा वायर बघून घेतो, माझा काय भरवसा. आणि शिडी लावून वर चढले.

मी खाली शिडी धरून उभी राहिले. वर ते बराच वेळ होते. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत हाताने चाचपत गेले, जोड उघडून पाहिले, पुन्हा बंद केले. मग वरूनच म्हणाले, "चांगली हाय वो, वयनी." आवाजात नवल होतं.

चांगली होती. तेव्हाही चांगलीच होती. मी खालून म्हटलं, जपून उतरा.